एमआर-टू, टी-बार आणि रबर: दुसऱ्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

पावसात गाडी गळते का? गळते. आधी एवढं सांगून टाकतो. ज्यांना तेवढंच विचारायचं होतं त्यांचा फोन वाचेल.

गाडी टोयोटा एमआर-टू, एसडब्ल्यू-२०, १९९२ची जपानी जी-लिमिटेड. टर्बो नाही, पाच गिअर, वर टी-बार, म्हणजे काचा काढता येणारं छत. बाकी आकडे सगळीकडे पडलेले आहेत, ते पुन्हा उगाळत नाही. मूळ मालक जपानमध्ये नोकरीला होते. परत येताना ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सवर (परदेशातून राहायला परतणाऱ्यांसाठीची आयातीची सोय) सामानाबरोबर गाडी घेऊन आले, आणि पुढे नाशिकला गंगापूर रोडच्या बंगल्यात ती वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी राहिली. किती दिले ते विचारू नका, हे घरातही वाचलं जातं.

घेताना प्रत्येकानं इंजिनाची भीती घातली. पार्ट कुठून आणणार, इंजिन सीटच्या मागे आहे, हात कुठून घालणार वगैरे. थ्री-एस-जीई हे बिचारं साधं, लोखंडी ब्लॉकचं दोन लिटरचं इंजिन. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल सील, प्लग, इंजेक्टरची साफसफाई, एवढ्यावर सुरू झालं. त्यानंतर त्याची कुरकुर नाही. इंजिनाचा विषय इथेच संपला. या गाडीत पैसे खातं ते रबर.

छताचं सांगतो. मधे एक पट्टी, दोन्ही बाजूंना काढता येणाऱ्या काचा. काढल्या की सीटमागे ठेवायच्या. दारांना वरची चौकट नाही, त्यामुळे दाराची काच थेट बिडिंगला, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीला, टेकते. पुढची काच, छताची काच आणि दाराची काच अशा तिघी एकाच कोपऱ्यात भेटतात, आणि त्या कोपऱ्यात पाणी अडवायला रबराशिवाय कुणी नाही. माझ्या गाडीतलं रबर तीस वर्षांचं. बोटानं दाबलं की दबलेलंच राहायचं. यात कंपनीला बोल लावायचं कारण नाही, इतकं टिकलं हेच खूप.

पाणी पडायचं डावीकडे, नेमकं शेजारच्याच्या मांडीवर. मुंबईकडे निघालं की विल्होळीपर्यंत काही नाही. घोटीकडचा पाऊस लागला की सुरू. आई बसली तेव्हा म्हणाली, "दोनच माणसं बसतात, त्यातलं एक भिजतं." इगतपुरीला समृद्धीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा झाल्यापासून निदान तेवढा पट्टा कोरडा जातो. ती सोय खास आपल्यासाठी केली आहे असं मी घरी सांगतो.

बिडिंगचा नवा जोड परदेशातून मागवायचा तर कुरिअर आणि ड्युटी धरून जो आकडा निघाला, त्यात घरच्या वॅगन-आरची दोन वर्षांची सर्व्हिसिंग होते. तरी मागवला. विक्रेत्याचं नाव घेत नाही; त्यानं 'टी-बारचाच' म्हणून पाठवलेला जोड साध्या पत्र्याच्या छताचा निघाला. परत पाठवायचं भाडंही माझ्याच माथी मारलं. तिथे डोकं फिरलं. अंबड आणि सातपूरसारख्या औद्योगिक वसाहती ज्या गावात आहेत, तिथे रबराच्या पट्टीसाठी डॉलर मोजायचे?

अंबडला एका लहानशा शेडमध्ये ईपीडीएम या रबराच्या पट्ट्या काढणारे एक काका आहेत. जुन्या बिडिंगचा तुकडा नेला. त्यांनी ब्लेडनं आडवा काप घेतला, उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, "वर पोकळ नळी, खाली ओठ. बाकी यात काही नाही. पण नवीन डाय, म्हणजे साचा, करायचा तर मोठा लॉट उचलावा लागेल, तुम्हाला परवडणार नाही." मग बसच्या खिडकीसाठी काढलेली, जवळपास त्याच मापाची नळी त्यांनीच शोधून दिली. घडवलेले कोपरे मूळचेच ठेवले, साफ केले आणि नव्या पट्टीला व्हल्कनाइज करून जोडले. एकूण बिल हॉटेलात चौघं जेवायला गेलो तर येतं त्याहून कमी.

इथवरचा मजकूर मेमध्ये लिहून ठेवला होता. त्यात पुढे 'गळती कायमची बंद' असं एक वाक्यही होतं. जुलैत ते काढलं. रबर नवं कोरं, आणि तोच कोपरा, तीच मांडी.

पंचवटीत एक डेंटर आहेत, वयानं बरेच मोठे. तरुणपणी रॅली ऑफ महाराष्ट्रच्या गाड्या ठोकून सरळ करायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी रबराला हातही लावला नाही. खिशातून पांढरा खडू काढला, बिडिंगच्या कडेवर सगळीकडे फासला, काच पूर्ण वर घेतली, दार नेहमीच्या जोरानं लावलं आणि उघडलं. काचेच्या आतल्या बाजूवर खडूची रेघ उमटली होती. मागे जाड, मधे बारीक, आणि पुढच्या कोपऱ्यात चार बोटं काच कोरी. "रबर कशाला बदनाम करता दादा? काच तिथे पोहोचतच नाही."

दाराचं पॅड काढलं, आतल्या रेलचे नट सैल केले, काच वरच्या बाजूनं किंचित आत झुकवली, वरचा स्टॉपर थोडा उचलला. पुन्हा खडू, पुन्हा दार. रेघ सलग येईपर्यंत हेच चाललं. मग बागेच्या पाइपनं पाणी मारलं. सीटवर अंथरलेला पेपर कोरडा. माझा अंदाज असा की जुनं रबर दबून दबून काचेच्या तिरक्या बसण्याशी जमवून घेत होतं, नवं ताठ आलं तेव्हा फट उघडी पडली. त्यामुळे टी-बारवाली गाडी बघायला जाल तेव्हा खिशात खडू ठेवा. विकणारा नाराज झाला तर झाला.

तरीही वर 'गळते' असं लिहिलंय ते तसंच राहू द्या. वेग वाढला की बाहेरच्या कमी दाबानं चौकट नसलेली काच जराशी बाहेर ओढली जाते. ऐंशीच्या पुढे आणि जोराचा पाऊस असेल तर एखादा थेंब येतो. तो मी चालवून घेतो. महिन्यातून एकदा सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचं. व्हॅसलिन लावायचा सल्ला बरेच जण देतात. लावू नका, पेट्रोलियमनं ईपीडीएम फुगतं.

छतापायी बाकीचं रबर राहिलं. रेडिएटर पुढच्या नाकात आणि इंजिन मागे, म्हणजे कूलंट गाडीच्या पोटाखालून लांब पाइपांतून जाऊन येतं. साध्या हॅचबॅकच्या दुपटीहून जास्त कूलंट लागतं आणि टोकांचे सगळे होज रबराचे. एक होज कसारा घाटात फुटला. टो करून आणली, होज बदलला, गॅरेजवाल्यानं वरून कूलंट ओतलं, आणि सुटका झाली असं वाटेपर्यंत काटा पुन्हा वर. हवा अडकली होती. या गाडीत पुढे रेडिएटरला आणि हीटरच्या लाइनला हवा काढायचे कॉक आहेत. त्यांना पारदर्शक नळ्या लावून त्या सलाईनसारख्या उंच टांगायच्या आणि नळीतली पातळी स्थिर होईपर्यंत सावकाश भरत जायचं. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात बॉनेटची चावीसुद्धा देऊ नका. आणि बोअरचं पाणी तर अजिबात नको, खालचे पाइप लोखंडी आहेत.

पेट्रोलच्या नळ्या ई-२०च्या (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) भीतीनं आधीच बदलल्या. जुन्या नळ्यांचं रबर इथेनॉलसाठी बनलेलंच नव्हतं, आणि हिची टाकी दोन सीटच्या मधल्या बोगद्यात आहे, म्हणजे गळलं तर कोपराशेजारी. वर जे-३० आर-९ हा दर्जा छापलेलाच पाइप घ्या. एसीत मूळचा आर-१२ गॅस, तो आता विसरा. आर-१३४एवर न्यायची तर सगळ्या ओ-रिंग बदलाव्या लागतात. रबरच.

कागदांचं थोडक्यात. तीन वर्षांपेक्षा जुनी सेकंडहँड गाडी आज आयात करता येत नाही, तेव्हा जी एमआर-टू भेटेल ती त्या काळी आलेलीच असणार. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका, बोलणाऱ्याचा आवाज कितीही गोड असो. चासी नंबर जपानी पद्धतीचा, आखूड. विम्याच्या ऑनलाइन फॉर्मला सतराच अक्षरं हवी असतात. एका विमा कंपनीच्या माणसानं मला चक्क पुढे शून्यं भरायला सांगितलं. नंबर आरसीवर आहे तसाच जायला हवा, यावर मी अडून बसलो आणि शेवटी कागदी अर्जानं काम झालं.

चालवायला? काचा काढून पहाटे त्र्यंबक रोडला अंजनेरीपर्यंत जाऊन या, मग बोलू. ३००० आरपीएमच्या पुढे कानामागून जो आवाज येतो त्यासाठी मी वर लिहिलेलं सगळं पुन्हा करीन, फक्त तो परदेशी जोड मागवणार नाही. ओल्या रस्त्यावर वळणात ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय काढू नका. १९९२च्या सुधारणेत सस्पेन्शन बदललं, मागचे टायर रुंद झाले, पण वजन मागेच आहे. रेडिओ जपानी, ७६ ते ९० मेगाहर्ट्झ. नाशिक आकाशवाणी १०१.४ वर. तेव्हा रेडिओ शोभेला.

आता खर्चाचा खरा डोंगर. इंपोर्टेड चारचाकीच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२२पासून ४०,००० रुपये झालं होतं. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या गाडीला ८०,०००. दर पाच वर्षांनी. अंबडच्या काकांकडे वाचवलेले सगळे पैसे एका पावतीत गेले, आणि वर ग्रीन टॅक्स वेगळा.

राहिले मागचे टायर. पुढचे १९५/५५ आर-१५ शोधले की मिळतात, मागचे २२५/५० आर-१५ मिळत नाहीत. मिळाले तर पाच-सहा वर्षांपूर्वीच्या तारखेचे, आणि दुकानदार म्हणतो, "वापरलेला नाही ना साहेब!" वापरलेला नाही, पण रबर आहे. नाशिक, पुणे किंवा मुंबईत कुणाकडे ताज्या तारखेची जोडी असेल तर सांगा. एकटा नको.