वडिलांची ईएलसीबी पेटी काढली, आरसीसीबी बसवले : पंचवटीतील घरातला चार महिन्यांचा अनुभव

पंचवटीतील आमचे घर १९८३ साली बांधले, तेव्हा वडिलांनी मीटरशेजारी हौसेने बसवून घेतलेली ईएलसीबीची, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या जुन्या उपकरणाची, करडी पेटी गेल्या मे महिन्यापर्यंत भिंतीवर होती. तिच्या जागी आता ४० अँपिअरचे, ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारे (म्हणजे आपोआप पुरवठा तोडणारे), दोन पोलचे आरसीसीबी, हे त्याच कामाचे नवे उपकरण, आले आहे.

जुनी पेटी व्होल्टेजवर चालणारी होती. गिझर, इस्त्री यांच्या धातूच्या अंगाला जोडलेली अर्थिंगची तार तिच्या कॉइलमधून जाऊन अंगणातल्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उतरत असे आणि त्या तारेवर ठरावीक दाब (व्होल्टेज) चढला, तरच पेटी पडत असे. म्हणजे गळतीने त्याच वाटेने जायला हवे. उघड्या फेजला हात लागून वीज माणसाच्या अंगातून जमिनीत गेली असती, तर पेटीला त्याची खबरही लागली नसती. आमच्याकडे तर गिझरचा लोखंडी जीआय पाइप जमिनीत उतरलेला आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत. त्यामुळे नळाला हात लावला की झिणझिण्या येत आणि पेटी मात्र ढिम्म असे.

नव्या उपकरणात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच कडीच्या आकाराच्या गाभ्यातून जातात आणि गेलेला प्रवाह व परतलेला प्रवाह यांतला फरक तेवढा मोजला जातो. मग गळती पाइपातून होवो वा माणसातून. आयएस १२६४० या मानकाप्रमाणे फरक ३० मिलिअँपिअर झाल्यास ३०० मिलिसेकंदांत आणि १५० झाल्यास ४० मिलिसेकंदांत पुरवठा तुटला पाहिजे.

रविवार कारंजा परिसरातील दुकानदाराने आधी एसी टाइपचे, म्हणजे फक्त साध्या उलटसुलट (एसी) प्रवाहाची गळती ओळखणारे, आरसीसीबी हातात ठेवले आणि "एकच असतं हो, काका," असे सांगितले. ते एकच नसते. एसी टाइपवर एकच नागमोडी रेघ छापलेली असते, तर ए टाइपवर तिच्याखाली अर्ध्या लाटांचीही खूण असते. वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर एअर कंडिशनरमधील इलेक्ट्रॉनिक्समुळे होणारी स्पंदित डीसी गळती (एकाच दिशेने, ठोक्याठोक्याने वाहणारी) एसी टाइपला न कळण्याची शक्यता असल्यामुळे मी काहीशे रुपये जास्त देऊन ए टाइपच घेतले. दुकानदाराने ते कपाटाच्या मागच्या खणातून धूळ झटकून काढले, यावरून मागणी किती आहे ते कळले.

बसवल्याबरोबर दिवाणखान्यातला पंखा लावला आणि आरसीसीबी पडले. वायरमनने "माल खराब आहे" असा निकाल देऊन टाकला होता. पण सर्किट एकेक करून सोडवत गेल्यावर, अडीच तासांनी, पडवीतल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारा एकाच स्क्रूखाली आवळलेल्या सापडल्या. परतीचा काही प्रवाह अर्थिंगवाटे निघून जात होता आणि हे किती वर्षे चालले होते, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी गिझर लावताच ते पुन्हा पडले. एलिमेंट बदलल्यावर नळाच्या झिणझिण्याही गेल्या.

आरसीसीबीच्या मर्यादा मात्र विसरू नयेत. जादा भार किंवा शॉर्टसर्किट याच्याशी त्याला कर्तव्य नाही, त्यासाठी एमसीबी (जादा प्रवाह झाला की पडणारा खटका) हवीच. आणि एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरले, तर हा प्रवाह त्याला साध्या दिव्याच्या भारासारखाच दिसतो. 'टी' अक्षराचे, म्हणजे चाचणीचे, बटण मी दर महिन्याच्या एक तारखेला दाबतो. खटका ठसठशीत पडतो.

माझी खरी तक्रार निराळी आहे आणि तिच्यात उपकरणापेक्षा माझ्या काटकसरीचा दोष अधिक आहे. सगळ्या घराला एकच आरसीसीबी असल्यामुळे जुलैत अंगणातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरले, तेव्हा रात्रभर फ्रिजही बंद राहिला आणि सकाळी दूध नासले. दिवाळीच्या माळा त्याच अंगणातल्या सर्किटवर लागतात, म्हणून त्याआधी त्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल मुख्य आरसीसीबीच्या आधीच, मीटरच्या बाजूने घेऊन त्याला वेगळे आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी दोन्हींचे काम एकत्र करणारे उपकरण) लावून घेणार आहे.