गुलाबजल की वाळ्याचं पाणी?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरला वाळ्याची ताटी आणि फ्रीजच्या दारात गुलाबजलाची बाटली, हे ठरलेलंच. उन्हातून आल्यावर तोंडावर फवारायला मला गुलाबजलच लागतं. पण ते खरं हवं, म्हणजे पाकळ्या उकळून, त्यांची वाफ थंड करून काढलेलं. इतवारी बाजारात घेतलेली एक स्वस्त बाटली नुसतं पाणी अन् सेंट निघाली. गाल दिवसभर चुरचुरले. तेव्हापासून लेबलावर ‘परफ्यूम’ दिसलं की बाटली परत रॅकवर.

वाळ्याचं पाणी फुलाचं नव्हेच, मुळांचं. वास ओल्या मातीसारखा. तोंडाला क्वचितच लावते. मात्र लाइट गेलेल्या रात्री उशीवर त्याचे दोन फवारे, बस्स.