बुधवार पेठेतला बिनपाटीचा दुरुस्तीवाला

माझं डीटीपीचं (संगणकावर पुस्तकांची, अंकांची पानं लावायचं) काम आहे, नारायण पेठेत, घरातल्याच पुढच्या खोलीत. मशिन २००९ सालचं, असेंबल्ड. कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, विंडोज ७. “अजून तेच वापरता?” म्हणून विचारणाऱ्यांना आधीच सांगते, मराठी अक्षरांचं श्रीलिपी आणि पानं लावायचं पेजमेकर त्यावर आहेत, आणि युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमधल्या माझ्या फायली दुसरीकडे उघडल्या की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. दोन जुने लेखक अजून दर पावसाळ्यात “मागच्या आवृत्तीत चारच दुरुस्त्या” घेऊन येतात. चार कधीच नसतात.

तर गणपती उठले आणि दिवाळी अंकाचे फॉर्म (म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे संच) चालू असताना मशिन रुसलं. बंद पडलं असतं तर बरं, निदान कळलं तरी असतं. माउस अडखळत सरकायचा, अक्षर दाबलं की दोन सेकंदांनी उमटायचं, पंखा गिरणीसारखा घरघरायचा. कोपऱ्यात सारखा ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’चा फुगा. मागच्या पोर्टला लावलेलं डोंगल (श्रीलिपीची यूएसबी किल्ली) कधी दिसायचं, कधी नाही. डोंगल नाही तर श्रीलिपी उघडत नाही, म्हणजे माझी चूल बंद.

आधी घरी येऊन दुरुस्ती करणारी एक सर्व्हिस बोलावली. आलेल्या मुलाने टास्क मॅनेजर उघडला, कोणता प्रोग्रॅम किती खातोय ते दाखवणारा. प्रोसेसर ५५ टक्के. “व्हायरस आहे मॅडम.” अँटिव्हायरस चालवला, आकडा तिथेच. मग “मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या.” मी म्हटलं, अरे, हे ५५ टक्के खातंय कोण? प्रोग्रॅमच्या यादीत तर कुणाच्याच नावापुढे एवढा आकडा नाही. तो म्हणाला, “जुनं मशिन आहे ना.” व्हिजिटचे ४५० रुपये.

माझे बटर (छपाईसाठी बटर पेपरवर काढलेली पानं) नेणाऱ्या प्रेसवाल्यांनी मग या दुकानाचा पत्ता सांगितला. तापकीर गल्लीच्या अलीकडे, एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली. बाहेर पाटी नाही. पुण्यात! आत मात्र पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलंय: ‘घाई असेल त्यांनी नवीन घ्यावा.’ मालक चाळिशीचे, कमी बोलणारे. स्कूटरच्या पायाशी ठेवून नेलेला सीपीयू (म्हणजे तो डबा, आपण सगळे त्यालाच सीपीयू म्हणतो) त्यांनी टेबलावर आडवा केला आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, पुढच्या पोर्टला काय लावता?” पेन ड्राइव्ह. गिऱ्हाइकांचे, दिवसाला सात-आठ. आणि हो, जुलैत एकदा लावलेल्या पेन ड्राइव्हला माझी खुर्ची धडकली होती. ते मी विसरूनच गेले होते.

त्यांनी टास्क मॅनेजरकडे बघितलंही नाही. रिसोर्स मॉनिटर उघडला, त्यात सीपीयूच्या टॅबमध्ये ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ अशी एक ओळ असते. ती ४८-४९ वर. “हा प्रोग्रॅम नाही. हे हार्डवेअरचं हाका मारणं. तुमच्याकडे दोन कोअर, त्यातला एक नुसता ओ देण्यात चाललाय.” मग टॉर्च मारून पुढचं पोर्ट दाखवलं. आतली जीभ वाकलेली, चारातल्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्यासारख्या. त्यामुळे बोर्डाला वाटतं काहीतरी लागलं, लगेच वाटतं निघालं, आणि दर वेळी प्रोसेसरने हातातलं काम टाकून बघायला यायचं. प्रूफ वाचताना कुणी मिनिटाला दहा वेळा बेल वाजवली तर माझं काय होईल, तेच.

दुरुस्ती म्हणाल तर मशिन बंद करून त्यांनी मदरबोर्डावरून पुढच्या पोर्टांची वायर उपटली. बस्स. चालू केलं, प्रोसेसर ३ टक्के. मला हसूच आलं.

मागची चार पोर्टं मल्टिमीटरने तपासली. तिघांना ५ व्होल्ट येत होते, चौथं कोरडं. त्यावर टेप मारली. बाहेरची हार्ड डिस्क आणि स्कॅनर दोन्ही थेट बोर्डाच्या पोर्टांना लावू नका म्हणाले, जुन्या पोर्टाने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, त्यावर ताण नको. म्हणून स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारी डबी) घ्यायला लावला, पण तो स्वतः विकला नाही, समोरच्या दुकानात पाठवलं. पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद केलं, पोर्ट झोपतं आणि मग नीट उठत नाही म्हणून. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता बाहेर काढणारी, वाळलेली पेस्ट बदलली. सगळे मिळून ४०० रुपये.

यूट्यूब लावलं की अजूनही प्रोसेसर ९०च्या वर जातो. त्याचं विचारलं तर म्हणाले, “तो बिघाड नाही ताई, ते वय आहे.” विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, क्रोमनेही २०२३ मध्ये त्याचा नाद सोडला, तेव्हा या मशिनची इंटरनेटची वायर काढा, मेल मोबाइलवर बघा, असा सल्ला. मी काढली. पहिले दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण अंकाचे दोन फॉर्म वेळेआधी गेले.

आता तक्रारी. ‘अर्ध्या तासात’ म्हणाले आणि अडीच तास लागले. बसायला एक स्टूल, त्यावर कुणाचा तरी प्रिंटर. फोन उचलत नाहीत. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे ‘४०० मिळाले’ असं लिहून सही केली. हिशेबाला लावायचं कसं ते मीच बघायचं. पुढचं पोर्ट बदलूनही दिलं नाही, या कॅबिनेटला बसेल असं आता मिळत नाही म्हणाले, आणि ती वायर आत टायने बांधून ठेवलीय. पाचातले चार तारे. पावती दिली असती तर पाच दिले असते.

जाणार असाल तर दुपारी जेवणानंतर जा, सकाळी गल्लीत स्कूटर लावायला जागा मिळत नाही. मॉनिटर, की-बोर्ड नेऊ नका, त्यांच्याकडे आहेत. डोंगल मात्र न्या. मी विसरले होते, घरी जाऊन परत यावं लागलं.