सारख्या नावाचे फुटबॉलपटू आणि विकिपीडियाची निःसंदिग्धीकरण पाने

मेक्सिकोत १९८६ साली झालेल्या विश्वचषकासाठी इंग्लंडने निवडलेल्या २२ खेळाडूंमध्ये गॅरी स्टीव्हन्स हे नाव दोनदा होते. त्यांपैकी एक एव्हर्टन क्लबचा, तर दुसरा टॉटनहॅम क्लबचा होता, आणि दोघांच्या वयात जेमतेम एका वर्षाचे अंतर होते. जुन्या सामन्यांच्या नोंदी वाचताना अशा जोड्या वारंवार भेटतात आणि प्रत्येक वेळी थांबून हा नेमका कोणता, हे ठरवावे लागते. त्यासाठी गेले काही महिने मी इंग्रजी विकिपीडियावरील निःसंदिग्धीकरण पाने, म्हणजे एकाच नावाच्या सर्व व्यक्तींची यादी देणारी पाने, नेमाने वापरत आहे. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

याआधी मी आकडेवारीचे एक अ‍ॅप वापरत असे. त्यात वेल्स आणि टॉटनहॅमकडून खेळलेल्या बेन डेव्हिसच्या खात्यावर प्रेस्टनकडून खेळलेल्या इंग्लिश बेन डेव्हिसचे सामने मोजले गेले होते. दोघेही डाव्या पायाने खेळणारे बचावपटू असल्यामुळे ही चूक माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले, आणि तोवर माझ्या वहीतील नोंदीही बिघडल्या होत्या. विकिपीडियावर या दोघांच्या नावापुढे जन्मसाल दिलेले असते. एक १९९३ चा, दुसरा १९९५ चा. हा उपाय दिसायला साधा असला तरी माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे बळ त्यातच आहे, कारण खेळाडूचा क्लब बदलतो, मैदानावरील जागा बदलते, क्वचित देशही बदलतो, परंतु जन्मसाल कायम राहते.

क्लबवरून ओळख पटवणे किती फसवे असते, हे डॅनी वॉर्ड या नावावरून कळते. १९९० साली जन्मलेला आघाडीपटू डॅनी वॉर्ड हडर्सफील्डकडून खेळला आणि तेथून गेला. त्यानंतर २०१६-१७ च्या हंगामात वेल्सचा गोलरक्षक डॅनी वॉर्ड लिव्हरपूलकडून लोनवर, म्हणजे तात्पुरत्या कराराने, त्याच क्लबात आला आणि वेम्बलीवरील प्लेऑफच्या, म्हणजे वरच्या विभागात जाण्यासाठीच्या लढतींच्या, अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने संघाला प्रीमियर लीगमध्ये पोहोचवले. पुढे आघाडीपटू वॉर्डही पुन्हा हडर्सफील्डला परतला. ‘हडर्सफील्डचा डॅनी वॉर्ड’ एवढ्या वर्णनाने येथे काहीच निश्चित होत नाही.

जन्मसालही अपुरे पडते तेव्हा या पानांमागचे कष्ट दिसतात. आदामा त्राओरे म्हटले की बहुतेकांना १९९६ साली जन्मलेला, वेगासाठी प्रसिद्ध असलेला स्पेनचा विंगर आठवतो. परंतु २०१५ च्या २० वर्षांखालील विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मिळवणारा आदामा त्राओरे मालीचा होता. मालीचे या नावाचे दोन फुटबॉलपटू आहेत आणि दोघांचाही जन्म जून १९९५ मधला आहे. तेथे लेखाच्या शीर्षकात जन्मतारीख पूर्ण, दिवसासकट, द्यावी लागली आहे. कुठल्या तरी स्वयंसेवकाने हा गुंता तितक्याच चिकाटीने सोडवला, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. एखादे नाव शोधल्यावर सर्वाधिक प्रसिद्ध व्यक्तीचा लेख थेट उघडावा आणि बाकीच्यांकडे जाण्यासाठी वर एक बारीक ओळ असावी, असा तेथील प्रघात आहे. लुईस सुआरेझ हे नाव शोधले की उरुग्वेचा सुआरेझ समोर येतो. स्पेनचा लुईस सुआरेझ, ज्याने १९६० चा बॅलन डी’ऑर हा सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार जिंकला, इंटर मिलानकडून १९६४ आणि १९६५ चे युरोपियन कप उचलले, तो त्या बारीक ओळीपलीकडे राहतो. दोघेही बार्सिलोनाकडून खेळलेले असल्याने घाईतल्या वाचकाची गफलत होण्याची शक्यता येथे अधिकच आहे. अशा नावांसाठी आधी यादीच उघडावी, असे मला वाटते.

ब्राझीलच्या खेळाडूंच्या एकशब्दी नावांपाशीही या पानांची मर्यादा जाणवते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ‘रोनाल्डिन्यो’ (छोटा रोनाल्डो) असे पाठीवर लिहून खेळलेला तरुण म्हणजे २००२ च्या विश्वचषकात आठ गोल करणारा रोनाल्डो होय. संघात त्याच्याहून वयाने मोठा असलेला रोनाल्डो ग्वियारो हा बचावपटू असल्याने त्याला ते नाव घ्यावे लागले होते. आज आपण ज्याला रोनाल्डिन्यो म्हणतो, तो १९८० साली जन्मलेला खेळाडू वेगळा. नाव कोणत्या वर्षी कोणाच्या पाठीवर होते, हे यादीतील एका ओळीत मावत नाही; त्यासाठी मूळ लेख वाचावे लागतात.

मराठीत हे काम आणखी वेगळ्या काळजीने करावे लागेल. स्पेनचा रॉद्रिगो मोरेनो आणि ब्राझीलचा रॉद्रिगो गोएस यांच्या नावांत रोमन लिपीत एका अक्षराचा फरक (Rodrigo, Rodrygo) आहे, तो देवनागरीत उतरताच नाहीसा होतो. म्हणून मराठी लेखांच्या शीर्षकात असे नाव प्रथम येते तेव्हाच जन्मसाल जोडावे, दुसरा रॉद्रिगो येण्याची वाट पाहू नये.