ऑफ-रोडिंगचा बिगिनर कोर्स केला: गुरुजी एक नंबर, कारभार ढिसाळ

मागच्या जुलैत मुळशीकडं एका शेतरस्त्यावर गाडी रुतली तेव्हाच ठरवलं होतं की हे एकदा नीट शिकायचं. झालं काय, मारुतीची जिम्नी नवीन, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी) घेतली म्हणजे कुठूनही निघते असा माझा समज, आणि गंमत म्हणजे तो दुसरा लिव्हर मी ओढलाच नव्हता, टू-एचमध्येच (म्हणजे जोर फक्त मागच्या दोन चाकांना) ॲक्सिलरेटर दाबत बसलो, मागची चाकं गरागरा फिरून पार आत. शेवटी गावातनं ट्रॅक्टर आला, काका म्हणले "एवढी भारी गाडी घेऊन आमच्या ट्रॅक्टरला बोलवता व्हय", पंधराशे घेतले. बायको त्यावर चार महिने बोलत होती.

तर हा कोर्स. पुण्यापासून दीडेक तासावर एक खासगी ट्रॅक आहे तिथं एक दिवसाचा बिगिनर कोर्स केला, आपली गाडी आपणच न्यायची, साडेसहा हजार एका गाडीचे, त्यात दोघांचं जेवण. नाव लिहीत नाही कारण पुढं थोड्या शिव्या पण आहेत.

रिपोर्टिंग आठचं, सुरू झालं पावणेदहाला. अकरा गाड्या, इन्स्ट्रक्टर दोन. हे गणित दिवसभर नडलं.

पण जो माणूस आमच्या बॅचला होता, पन्नाशीचा, स्थानिक, पायात साधे गमबूट, त्यानं पहिल्या अर्ध्या तासात जे सांगितलं ते मला शोरूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं. एक, फोर-एच आणि फोर-एल (दोन्हीत चारही चाकांना जोर, फोर-एल हळू पण जास्त ताकदीचा) कोरड्या डांबरावर लावायचं नाही, कारण या गाड्यांना मधला डिफरेन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) नसतो, वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात मागची कमी, मातीवर टायर घसरून ते जुळवून घेतात, डांबरावर घसरायला जागाच नाही मग सगळा ताण गिअरमध्ये अडकतो. (मी एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये फोर-एच लावून गाडी वळवली होती, स्टिअरिंग जड झालं आणि गाडी धक्के खायला लागली, मला वाटलं काहीतरी तुटलं.) दोन, फोर-एल टाकताना गाडी उभी, क्लच दाबलेला. तीन, स्टिअरिंगच्या आत अंगठे घालायचे नाहीत, चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटका देतं आणि अंगठा जातो.

मग टायरची हवा काढली, सगळ्यांची, १८ पीएसआयवर आणली. माझा जीव वर-खाली. पण हवा कमी केली की टायर पसरतो, जास्त जमीन धरतो, दगडावर आपटत नाही तर दबतो. वाळूत हवा अजून खाली नेतात पण फार खाली गेलं तर टायर रिमवरनं उतरतो म्हणून नवशिक्यानं तो शहाणपणा करू नये. खरं सांगतो, त्या दिवसात सगळ्यात जास्त फरक कशानं पडला असेल तर या फुकटच्या गोष्टीनं. आमच्यात एक थारवाला होता, लाख-दीड लाखाचे मोठे टायर आणि पुढं विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) लावून आलेला, प्रेशर गेजच नव्हता त्याच्याकडं. माझाच घेतला शेवटी.

सकाळचा भाग सोपा, मुरमाचे चढ-उतार. उतारावर फर्स्ट लो (फोर-एलमधला पहिला गिअर) आणि दोन्ही पाय वर. क्लचला हात नाही, म्हणजे पाय नाही. वरनं नाक खाली केलं की समोर फक्त बॉनेट आणि आभाळ, मग एकदम जमीन दिसते, आणि पाय आपोआप क्लचवर जातो, पुण्याच्या ट्रॅफिकची सवय. इन्स्ट्रक्टर खिडकीला लटकून "पाय काढा साहेब क्लचवरनं, गाडीला कळतंय काय करायचं ते". काढला. इंजिनच धरून ठेवतं गाडीला, मुंगीसारखी उतरली. फोर-एलमध्ये वेग निम्म्यावर येतो आणि जोर दुप्पट होतो हे मी वाचलं होतं, पण अंगाला कळलं ते तिथं.

चढावर गाडी बंद पडली तर काय हे मात्र त्यानं प्रत्येकाकडनं मुद्दाम करून घेतलं, आणि याला माझे पूर्ण मार्क. ब्रेक घट्ट, रिव्हर्स टाकायचा, गाडी सुरू करून सरळ रेषेत मागं यायचं. वळवायची नाही. आडवी झाली की कलंडली. हे ऐकायला सोपं आहे, करताना मानेमागून घाम येतो.

आणि आता तो भाग ज्यासाठी मी परत पैसे भरीन. आलटून पालटून खड्डे केलेले असतात, त्यात एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक एकाच वेळी हवेत येतं. हवेतलं चाक फुकट फिरतं, जमिनीवरच्याला जोर मिळत नाही, गाडी उभी. जिम्नीला लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरायला लावणारी सोय) नाही, ती काय करते तर फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते म्हणजे जोर दुसऱ्या बाजूला जातो. पण त्याला एक-दोन सेकंद लागतात आणि त्या वेळात कर्रर्र कट-कट असा भयंकर आवाज येतो. मी काय करत होतो, तो आवाज आला की घाबरून ॲक्सिलरेटर सोडत होतो. तीनदा. चौथ्यांदा इन्स्ट्रक्टर म्हणला आवाज येऊ दे, पाय हलवू नका, तीनपर्यंत मोजा. दोन मोजले आणि गाडी शांतपणे वर. मागं बायको (हो, ती मागच्या सीटवर बसली होती, पुढं बसायला नको म्हणली) टाळ्या वाजवत होती. मुळशीच्या त्या रस्त्यावर लिव्हर ओढला असता तरी मी असाच पाय सोडून बसलो असतो बहुतेक.

जेवण ठीक, पिठलं-भाकरी चांगली, पण दीड तास? इतक्या वेळात दोन फेऱ्या झाल्या असत्या.

दुपारी रांग. अकरा गाड्या दोन माणसं, एक फेरी मारायची आणि वीस मिनिटं उन्हात उभं राहायचं. आणि याचा फटका कुठं बसला तर रिकव्हरीला. रुतलेली गाडी काढायची कशी, हा नवशिक्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा तास, ब्रोशरमध्ये दीड तास लिहिलेला, प्रत्यक्षात पंधरा मिनिटं मिळाली. मी आणि अजून दोघं मागं थांबलो, त्या भल्या माणसानं सहानंतर स्वतःच्या वेळात दाखवलं. दोर फक्त चेसिसच्या हुकला, टो-बॉलला (ट्रेलर अडकवायचा मागचा गोळा) कधीच नाही, तो तुटला तर गोळीसारखा येतो. दोरावर मधोमध गोधडी नाहीतर जाड जॅकेट टाकायचं म्हणजे तुटला तरी उसळत नाही. बघ्यांना लांब पाठवायचं. आणि इशारे एकानंच करायचे, पाच जण पाच बाजूंनी ओरडायला लागले की ड्रायव्हरनं कुणाचंच ऐकायचं नाही. मुळशीला ट्रॅक्टरचा दोर आम्ही कशाला बांधला होता ते मी त्याला सांगितलं नाही.

निघताना हवा भरायला कॉम्प्रेसर एकच, परत रांग. मी १८ वरच हळूहळू हायवेच्या पंपापर्यंत आलो, ते पण चूकच, कमी हवेत टायर तापतो.

पाचपैकी शिकवण्याला पाच, व्यवस्थेला दोन. स्टॉक, म्हणजे कंपनीनं दिलेल्या टायरवर सगळं झालं, एकही ॲक्सेसरी लागली नाही, तेव्हा गाडी घेतल्या घेतल्या बंपर आणि लाइटबारच्या मागं लागण्याआधी असा एखादा दिवस काढा. याच ट्रॅकला असं नाही, इगतपुरीला महिंद्राची पण ट्रेनिंग अकॅडमी आहे, मी गेलो नाहीये. कुठंही गेलात तरी पैसे भरायच्या आधी फोन करून एवढंच विचारा की त्या दिवशी गाड्या किती आणि शिकवणारे किती. स्वतःचा गेज आणि बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर न्या. आणि बूट जुने घाला, माझे अजून बाल्कनीत पडलेत, बायको आत घेऊ देत नाहीये.