ड्रायव्हर ठेवताना: ओळख की परीक्षा?

ट्रकवर नवा ड्रायव्हर ठेवायच्या आपल्याकडे दोन रीती. पहिली ओळखीची. जुना ड्रायव्हर म्हणतो, "शेठ, आमच्या गावचाच पोरगा आहे, जबाबदारी माझी," आणि संध्याकाळी गाडी नाशिकला निघतेसुद्धा. असा माणूस सहसा अर्ध्या वाटेत गाडी सोडून जात नाही, डिझेलला हात लावत नाही. ही बाजू खरंच मोठी आहे. पण माणूस चांगला म्हणजे गाडीवर हातही चांगला, असं थोडंच आहे?

दुसरी रीत कागद आणि परीक्षेची. परवान्याचा नंबर आणि जन्मतारीख सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर टाकली की कोणत्या गाडीचा परवाना आणि मुदत कधीपर्यंत, ते कळतं. हे टाळलं, परवाना बनावट निघाला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. केमिकलचा टँकर असेल तर धोकादायक मालाचं प्रशिक्षणही बघावं लागतं.

माझा खरा भरवसा मात्र घाटावर. आधी रिकामी, मग भरलेली गाडी, शेजारी जुना ड्रायव्हर. निघण्याआधी हा टायर ठोकून बघतो का? ब्रेकची हवा भरेपर्यंत दाबाच्या काट्याकडे बघत थांबतो का? कसाऱ्याचा उतार लागण्याआधीच गिअर खाली घेतो, की नुसता ब्रेक दाबत राहतो? डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल केली, तर परीक्षा तिथेच संपली, मग तो कोणाचाही भाऊ असो.

यात दोन दिवस जातात आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. तरीही ओळख मी घरचा पत्ता कळण्यापुरतीच धरतो. चावी घाट उतरल्यावर.