पायरिडोस्टिग्मिन ६० मिग्रॅ : माझ्या दुखण्यावर चांगली, फवारणीआधी नको

चार वर्षांपासून ही गोळी चालू आहे. मला मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार आहे, नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात निदान झालं. तेव्हा सांज झाली की डावी पापणी खाली यायची, ज्वारीची भाकर चावता चावता जबडा थकायचा. आता जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी घेतो. ताट वाढून होईपर्यंत डोळा उघडलेला असतो आणि भाकर पुरती खाऊन होते. तीन-चार तासांनी असर उतरतो.

रिकाम्या पोटी मुरडा येतो, म्हणून सोबत बिस्किट खातो. तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, महिन्याच्या गोळ्या यवतमाळहून आणाव्या लागतात. बाकी तक्रार नाही.

हे लिहायचं कारण वेगळं. फवारणीच्या दिवसांत शेजारचा पोरगा आला. "फौजीभाऊ, हे म्हणे गॅसपासून वाचवाची गोळी हाये. एखांदी मालेबी द्या ना."

त्यानं ऐकलं ते अर्धंच. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैनिकांना हीच गोळी दिली होती, ३० मिग्रॅ, दर आठ तासांनी. २००३ मध्ये तिकडे मंजुरी मिळाली ती फक्त सोमान या युद्धातल्या एका विषारी गॅससाठी. सोमान नसांच्या कामाचं एन्झाइम काही मिनिटांत कायमचं जखडतं. गोळी त्यातलं थोडं एन्झाइम आधीच तात्पुरतं अडवून ठेवते, ते नंतर मोकळं होतं आणि माणूस तगतो. तेही विष लागताच ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम या उताऱ्यांचं इंजेक्शन मिळालं तरच. नुसत्या गोळीनं कोणी वाचत नाही.

आणि कापसावर फवारायची ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं त्याच एन्झाइमवर घाव घालतात. वरून ही गोळी घेतली तर नुकसानच. मलाही डॉक्टरांनी फवारणीपासून लांब राहायला बजावलंय. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, ते कोणी विसरू नये. डोळ्याची बाहुली बारीक झाली, तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला की कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन थेट दवाखाना गाठा.

पोराला गोळी दिली नाही. त्याचा पंप पाहिला, तर झाकणाचा वायसर गेलेला, औषध झिरपून सदरा पाठीला चिकटलेला. सदरा उतरवून आधी त्याला आंघोळ करायला लावली, मग वायसर बदलला.